पान नऊवर खूण नाही

ता. ११ जानेवारी

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. साठी गाठलेल्या माणसाला टिल्लू म्हणू नये, लोक त्याला सर म्हणतात, असं तुझी बायको मागे मला म्हणाली होती. तिला सांग, ज्याचं नाक मी फ्रॉकच्या टोकानं पुसलं त्याला सर म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुम्ही सगळे बरे आहात असं धरून चालते, कारण तुझ्या पत्रात हल्ली पुस्तकाखेरीज काही नसतं. मी बरी आहे. खांदा दुखतो. चौतीस वर्षं हॉटेलच्या चादरींना इस्त्री केल्यावर खांदा दुखणारच, त्यात कळवण्यासारखं काही नाही.

तुझा गठ्ठा मिळाला. दोनशे बारा पानं! अरे, एवढं जगलास कधी?

चार दिवस खिडकीपाशी बसून वाचलं. "ताई, आता तू एकटीच उरलीस जिला सगळं माहीत आहे, तपशिलाच्या चुका अजिबात दयामाया न दाखवता काढ," असं तू लिहिलंस. काढल्यात. लाल पेनानं खुणा केल्या आहेत, तरी मोठ्या चुका इथेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील अक्षर लागलं नाही.

पान तीन. आपला जिना दगडी नव्हता, लाकडी होता, आणि तिसरी पायरी वाजायची. दगडी जिना तू चालवतोस त्या वसतिगृहाला आहे. तू तो तिथून उचलून लहानपणात नेऊन बसवलास.

पान पाच. आईनं आपल्याला "शिवणकाम करून" वाढवलं नाही. आई काजं करायची. दुकानातून शर्ट शिवून यायचे, ती फक्त काजं करून परत नेऊन द्यायची. अख्खा शर्ट तिनं जन्मात शिवला नाही आणि त्याचं तिला वाईट वाटायचं. ते लिही.

पान सहा. तुला विषमज्वर झाला नव्हता, गोवर झाला होता. विषमज्वर ऐकायला भारदस्त वाटतो हे मान्य.

पान चौदा. "बाबा घर सोडून गेल्यावर आई मूकपणे अश्रू ढाळत राहिली." आई मूकपणे काहीच करत नसे रे! आठ दिवस ती भांडी आपटत होती. शेजारीण विचारपूस करायला आली तर तिच्याच अंगावर धावून गेली. मग थकली. तू लहान होतास म्हणून तुला थकलेली आई आठवते. मला दोन्ही आठवतात.

आणि पान बावीस. "माझी थोरली बहीण म्हणजे त्यागाची मूर्ती." हे काढ. अगदी काढच. मूर्तीवर कबुतरं बसतात. मी शाळा सोडली कारण मला गणित येत नव्हतं आणि लाँड्रीत जागा निघाली होती. सगळ्या पुस्तकात माझ्याबद्दल चार वाक्यं आहेत, त्यातलं हे गेलं की तीन उरतील. तीन पुष्कळ झाली.

सातवं प्रकरण, बाबांच्या शोधाचं, मला एका बैठकीत वाचता आलं नाही. मध्येच उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता. चांगलं लिहिलंयस. त्यात खुणा फारशा नाहीत, दोन गावांची नावं मागेपुढे झाली होती तेवढी सरळ केली.

बाकी इकडे विशेष काही नाही. वरच्या मजल्यावरचा पोस्टातला माणूस निवृत्त झाला आणि आता दिवसभर खोलीत येरझारा घालतो. परवा मी वर जाऊन म्हटलं, अहो, तुमचं टपाल संपलंय, आता बसा. तर म्हणाला, बसलो की पाय विचारतात, आता कुठे जायचं.

गठ्ठा वेगळा पाठवते आहे. तब्येतीला जप. गोड कमी खा.

तुझी
ताई


ता. २ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. खुणांबद्दल आभार मानलेस, ते पोचले. जिना लाकडी केलास हेही बरं केलंस. पण शेवटचा परिच्छेद वाचला आणि पत्र उलटं करून ठेवलं. "ताई, पहिल्या प्रकरणाच्या प्रत्येक पानावर तुझा लाल पेन फिरलाय, फक्त पान नऊ कोरं आहे. म्हणजे ते तंतोतंत बरोबर आहे ना? प्रकाशक तेच पान मलपृष्ठावर घेणार आहेत. पुस्तकाचं नावही त्यावरूनच ठेवलंय, 'ते दारातून परत आले'."

तीन वेळा उत्तर लिहायला बसले. एकदा हवेबद्दल लिहिलं, एकदा खांद्याबद्दल. दोन्ही फाडली. तिसऱ्या खेपेला नुसतंच 'हो, बरोबर आहे' असं लिहिलं, पाकीट बंद केलं, पोस्टाच्या पेटीपर्यंत गेले आणि तशीच परत आले. आता हे चौथं आहे.

पान नऊ मला पाठ आहे. तू चार वर्षांचा, तापानं फणफणलेला, खाटेवर पडलेला. बाबा सुतारकामाच्या हत्यारांची पिशवी घेऊन दारापर्यंत जातात. दारातून परत येतात. तुझ्या कपाळाला हात लावतात, कानामागची चपटी लाल पेन्सिल काढून तुझ्या मुठीत देतात आणि म्हणतात, "ही सांभाळ. तू मोठा झालास की मी येईन." मग जातात. ही गोष्ट तू तीस वर्षं भाषणांत सांगतोस. ती पेन्सिल तुझ्या वसतिगृहात काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि बाप सोडून गेलेली मुलं तिच्यापुढे उभी राहतात. एका मुलीनं तुला लिहिलं होतं, "माझेही वडील दारात थांबले असतील." तिचं पत्र तू पुस्तकात छापलंयस.

गेल्या वर्षी तुझ्या सत्काराला मी पहिल्या रांगेत होते, आठवतं? तू गोष्ट सांगितलीस, लोकांनी डोळे पुसले, आणि तू म्हणालास, "माझी बहीण इथे बसली आहे, तिला विचारा." सगळे माझ्याकडे वळले. शेजारच्या बाईंनी माझा हात दाबला. "तुम्ही भाग्यवान," म्हणाल्या. मी मान हलवली. तेव्हाच जमीन दुभंगून आत घ्यावं असं वाटलं होतं.

टिल्लू, तसं झालं नाही. ते मी रचलं.

लिहिलं एकदाचं. अक्षर लागलं नाही तर पुन्हा वाच.

झालं ते असं. दुपारची वेळ होती. आई काजं केलेले शर्ट द्यायला गेली होती. तू झोपला होतास आणि बाबा जाईपर्यंत एकदाही डोळे उघडले नाहीस. मी टेबलाशी गणितं करत होते. बाबांनी पिशवी भरली, एकेक हत्यार पुसून. मला वाटलं, कामावर निघालेत. दारापर्यंत गेले, आणि हो, परत आले. एवढं खरं आहे. परत येऊन मला म्हणाले, "माझी पेन्सिल बघितलीस का?"

ती माझ्याकडे होती. माझी संपली म्हणून दोन दिवसांपूर्वी मी त्यांच्या पिशवीतून उचलली होती. मी ती मांडीखाली सरकवली आणि म्हटलं, "नाही बाबा." त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं. "जाऊ दे," म्हणाले. "दार लावून घे." आणि गेले. तुझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खोटं कशाला सांगू, माझ्याकडेही नाही. बघितलं ते टेबलाखाली.

तू लिहिलंयस की पेन्सिलीच्या मागच्या टोकाला बाबांच्या दातांच्या खुणा आहेत आणि मन खचलं की तू पेटी उघडून त्यांवरून बोट फिरवतोस. ते दात माझे आहेत रे. भागाकार अडला की मी पेन्सिल चावायचे.

गोवर उतरला, पण तू जेवेनास. सारखा दाराशी जाऊन बसायचास. आई म्हणायची, "बसू दे, कंटाळेल." तू कंटाळला नाहीस. पाचव्या दिवशी तुझ्या हाताची हाडं दिसायला लागली तशी मी घाबरले. ताट घेऊन तुझ्यासमोर बसले आणि ती गोष्ट तोंडातून निघाली. कशी सुचली देव जाणे. गोष्ट खरी वाटावी म्हणून पेन्सिल तुझ्या हातात दिली. तू दोन घास खाल्लेस.

मग रोजच. रोज जेवताना ऐकायचास आणि रोज त्यात थोडी भर घालायचास. बाबांच्या हाताला भुशाचा वास येत होता, ही भर तुझी. ते बोलताना कुजबुजले, ही पण तुझी. एक दिवस सांगताना मी चुकले. म्हटलं, "मी टेबलाशी बसले होते." तू असा चिडलास! "तुला काय माहीत? तू आत होतीस!" जेमतेम सहा वर्षांचा होतास. गोष्ट माझी, आणि मलाच तिच्यातून हाकललंस. मला हसू आलं. आईला सांगितलं असतं तर तीही हसली असती, पण आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. पेन्सिल बाबांनी दिली असंच तिलाही वाटत राहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर तू मला माफ केलं असतंस. दहा वर्षांच्या पोरीनं भावाला भरवायला गोष्ट सांगितली, त्यात काय मोठंसं. पण सातवं प्रकरण आहे ना.

दोन वर्षांनी बाबा खरंच आले होते.

मी बारा वर्षांची. तशीच दुपार, आई दुकानात गेलेली, तुझी शाळा सुटायला अर्धा तास होता. दार वाजलं म्हणून उघडलं तर बाबा. इस्त्री केलेला शर्ट, हातात पिशवी नाही. वाळले होते.

"आई आहे?"

"नाही."

"आणि धाकटा?"

"शाळेत."

"मोठा झाला असेल," ते म्हणाले आणि हसले.

मी विचारलं, "राहायला आलात?"

"नाही गं. भेटायला आलोय. सहाच्या गाडीनं परत जायचंय. आत येऊ का?"

त्या मिनिटाबद्दल मी गेली चोपन्न वर्षं स्वतःला सांगत आले की जे केलं ते तुझ्यासाठी केलं. तू त्यांना बघशील, ते सहाला निघून जातील, तू पुन्हा दाराशी बसशील. ऐकायला बरं वाटतं. खरं निराळंच आहे. मला जे दिसलं ते असं की तू धावत येणार, दप्तरातून पेन्सिल काढणार, "बाबा, मी मोठा झालो का?" म्हणून विचारणार, आणि बाबा म्हणणार, "अरे, ही इथे होती होय? तुला कुणी दिली?" मी चोर ठरणार होते आणि खोटारडीही. तुझ्यापुढे. बास, एवढ्यासाठी. बापापेक्षा मला माझी गोष्ट वाचवायची होती.

मी म्हटलं, "आम्ही त्याला सांगितलंय की तुम्ही मेलात. आता दिसलात तर घाबरेल."

त्यांनी चौकटीला धरलेला हात काढून घेतला. मग म्हणाले, "मेलो?"

मी म्हटलं, "हो." आणि दार लावून घेतलं. या खेपेला सांगावं लागलं नाही.

ते लगेच गेले नाहीत. जिन्यात बसले असावेत. थोड्या वेळानं दाराखालून कागद सरकला, त्यावर पत्ता होता. मी तो शेगडीत घातला. पण घालण्याआधी वाचला. माझं गणित कच्चं होतं, पाठांतर नाही. मग तिसरी पायरी वाजली आणि पाचच मिनिटांत तू उड्या मारत वर आलास. तुम्ही रस्त्यात एकमेकांच्या शेजारून गेला असाल. तू मला विचारलंस, "ताई, रडतेस का?" मी म्हटलं, धूर झालाय.

आता पान एकशे तीन ते एकशे एकोणतीस. तुझी ती दोन वर्षं. वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, लाकडाच्या वखारी, दवाखाने, फोटो दाखवत हिंडणं. "ताईनं लाँड्रीतून रजा काढून मला तीन गावांत सोबत केली." केली ना. तिसऱ्या गावात आपण चहाला थांबलो होतो. तू दुकानदाराला फोटो दाखवत होतास आणि माझ्यासमोरच्या भिंतीवर बाण काढून गल्लीचं नाव रंगवलेलं होतं. कागदावरची तीच गल्ली. दोन वळणं पुढे. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "माझे पाय फार दुखतायत रे, चल परत." तू लगेच उठलास. स्टेशनपर्यंत मला हाताला धरून नेलंस. आणि पुस्तकात लिहिलंयस, "त्या दिवशी ताईचे सुजलेले पाय पाहिले आणि ठरवलं, आता हा शोध पुरे." सुजले नव्हते रे ते. काहीही झालं नव्हतं त्यांना.

का नाही सांगितलं? पत्ता सांगायचा तर तो आला कुठून हे सांगावं लागलं असतं. मग दर वर्षी ते आणखी जड होत गेलं. आई होती तोवर आईची भीती, आई गेल्यावर तुझी. तुला पोरं झाली, तू त्यांना एक दिवस टाकून गेला नाहीस, आणि भर सभेत म्हणालास की हे त्या पेन्सिलीमुळे. मग मी तोंड शिवूनच घेतलं.

प्रस्तावनेत तू म्हणतोस, आत्मचरित्र लिहिताना माणसाला आपण कोण ते सापडतं. मी ते वाचून विचार केला, मी लिहायला बसले तर काय लिहीन? चादरी. उशांचे अभ्रे. दोन दुपारी. पहिली दुपार तू घेतलीस, म्हणजे मीच दिली. दुसरी मी कुणाला दाखवली नाही. ह्या दोन वगळल्या तर मी आत चाचपडते आणि हाताला काही लागत नाही, टिल्लू. सहासष्ट वर्षांची बाई आहे मी, आणि आपण कोण म्हणून जगलो तेच मला माहीत नाही. लोक म्हातारपणी मागे वळून बघतात. मी वळले की तिथे तू उभा असतोस, हातात माझी पेन्सिल घेऊन.

हे लिहून हलकं वाटेल अशी आशा होती. नाही वाटलं. पुस्तकाचं काय करायचं ते तू ठरव. पान नऊ काढ, नाहीतर खरं लिही, नाहीतर मला तिकडे बोलाव. मी समोर येऊन बसते, तुला वाट्टेल ते बोल, हात उगारलास तरी चालेल. फक्त उत्तर दे.

ताई


ता. २७ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

तुझं उत्तर मिळालं. टाइप केलेलं. भावानं बहिणीला टाइप केलेलं पत्र पाठवलं तेव्हाच मला समजायला हवं होतं, तरी मी चष्मा पुसून उघडलं. सात ओळी. तूच लिहिलेल्या तुला पुन्हा वाचून दाखवते.

"ताई, तुझं पत्र मिळालं. वाचून फाडलं. बाबा दारातून परत आले होते. मला आठवतं. वयामुळे माणसाच्या डोक्यात गोंधळ होतो, डॉक्टरांना दाखवून घे, मी व्यवस्था करतो. पुस्तक छपाईला गेलं आहे. शेवटच्या पानावर तुझ्या हस्ताक्षरातली साक्ष छापायची आहे. त्या दिवशी तू काय पाहिलंस, आणि त्यानंतर ते कधीच आले नाहीत, एवढंच. पाच तारखेपर्यंत पाठव."

आधी मी भडकले. गोंधळ म्हणे! खोलीत एकटीच मोठ्यानं बोलत होते. वरचा पोस्टवाला खाली आला, "कुणी आलंय का?" विचारायला. मी म्हटलं, कुणी नाही, मीच. तो जिन्यात जरा थांबला, बरं म्हणून वर गेला.

मग राग उतरला. तुझ्याशी भांडून मी काय मिळवणार आहे? तुला आठवतं म्हणतोस, तर आठवत असेलच. छप्पन्न वर्षं ज्या गोष्टीवर माणूस उभा आहे ती त्याला आठवणारच. मी तिथे होते आणि मला जे आठवतं ते कुणालाच नको आहे, हे मला मुकाट्यानं गिळायला हवं. पण एक सांगते. ती नऊ पानं होती. जन्मात मी एवढं कधी लिहिलं नव्हतं. तुझी दोनशे बारा आणि माझी नऊ. नक्कलही ठेवली नाही, मला काय माहीत फाडतात म्हणून. पुन्हा लिहायला बसले होते, दोन ओळींपुढे गेलं नाही. आता वाटतं, खरंच झालं होतं का ते, की डॉक्टरांकडे जायला झालंय? तुझी सात ओळींची चिठ्ठी माझ्यापेक्षा खात्रीची वाटते.

एवढं होऊन पत्र घडी करून ठेवायला गेले तर मागे काहीतरी दिसलं. पेनानं, तुझ्या हातानं. दोनदा लिहून खोडलेलं आणि तिसऱ्यांदा तेच लिहिलेलं.

"पत्ता काय होता?"

मी ओक्साबोक्शी रडले, टिल्लू. म्हणजे तुला माहीत आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि तरी तुला साक्ष हवी आहे. आता मला कुठे वाद घालायलाही जागा नाही.

घे. घर नंबर सतरा, वखारीमागची गल्ली, दुसरा मजला. गाव तेच, जिथे माझे पाय दुखले होते. पण जाऊ नकोस. मी जाऊन आले आहे, एकवीस वर्षांपूर्वी, सुट्टीच्या दिवशी, कुणाला न सांगता. दार एका तिशीच्या बाईनं उघडलं. कपाळ हुबेहूब तुझं. मी बाबांबद्दल विचारलं तर म्हणाली, "गेले हो ते, वर्ष होईल. आपण कोण?" मी म्हटलं, "त्यांच्याकडून मागे एक टेबल करून घेतलं होतं." तिनं बसायला दिलं, पाणी दिलं. म्हणाली, "शेवटी शेवटी पहिल्या मुलांबद्दल फार बोलायचे. एकदा भेटायला गेले होते म्हणे, पण घराला कुलूप होतं." मी म्हटलं, असेल. म्हणजे त्यांनीही खरं सांगितलं नाही. मला वाचवलं की स्वतःला, ते मला अजून उमगलेलं नाही.

हिशेब तू करशीलच, म्हणून मीच सांगून टाकते. आपण त्या चहाच्या दुकानातून उठून गेल्यावर ते आणखी बारा वर्षं जगले. हे तुला कळू नये अशी माझी इच्छा होती. पण पत्ता मागितलास तर अर्धा कसा देऊ?

साक्ष लिहिते आहे. तू सांगितलंस म्हणून नाही आणि त्या मुलांसाठी म्हणूनही नाही. तुझा बाप मी एकदा तुझ्यापासून तोडला, दुसऱ्यांदा तोडायची माझी छाती नाही. फक्त हे समजून घे की साक्ष छापली की दार लावणारी ती पोरगी कुठेच उरणार नाही. ती चांगली नव्हती, मान्य आहे. पण माझं म्हणून काही घडलं होतं तर तेवढंच घडलं होतं, आणि ते मी आज माझ्या हातानं पुसते आहे. तुझ्या पुस्तकात मी राहीन, तीन वाक्यांत. त्या वाक्यांतली बाई कोण आहे मला माहीत नाही.

साक्ष याच कागदावर खाली लिहिते. आडव्या रेघेवर कात्रीनं काप आणि वरचं फाडून टाक. आता लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही राहिलं नाही.

तुझी
ताई

————————————

मी या पुस्तकाच्या लेखकाची सख्खी थोरली बहीण. आमचे वडील घर सोडून गेले त्या दुपारी मी दहा वर्षांची होते आणि घरातच होते. ते दारापर्यंत गेले आणि दारातून परत आले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांनी माझ्या आजारी भावाच्या कपाळाला हात लावला, आपली पेन्सिल त्याच्या मुठीत दिली आणि तो मोठा झाल्यावर येईन असं सांगितलं. पुस्तकात लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. त्या दिवसानंतर आमचे वडील पुन्हा कधीच आले नाहीत. आले असते तर दार मीच उघडलं असतं, आणि त्यांना आत घेतलं असतं.

लेखकाची थोरली बहीण